गावातली माती : बलुत्याकडून दुकानाकडे

शेतीच्या पानावर मयताचा विषय काढला म्हणून रागावू नका. पेरणी, फवारणी, पीकविमा यांवर आपण नेहमीच बोलतो. पण गेल्या काही पावसाळ्यांत फिरतीवर असताना जे डोळ्यांनी पाहिले, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. आणि हा विषय वाटतो तितका शेतीपासून लांबचा नाही. सरणाचे लाकूड बांधावरचे, गोवऱ्या गोठ्यातल्या, वाट कुणाच्या तरी रानातली आणि माणूस गेल्यावर होणारी धावपळ सातबाऱ्याचीच.

औसा तालुक्यातल्या एका गावात ऑगस्टमध्ये सोयाबीनवरची कीड पाहायला गेलो होतो. त्याच सकाळी गावातले एक म्हातारे कास्तकार वारले. पाहणी बाजूला राहिली, मीही मातीला गेलो. गावाला स्मशानभूमीची जागा आहे, पण तिथे जायला धड वाट नाही. काळी जमीन, दोन दिवसांची झड, पाय टाकला की घोट्याच्या वर चिखल. खांदेकऱ्यांच्या चपला रानातच राहिल्या. मधली वाट ज्याच्या शेतातून जाते त्याचे सोयाबीन फुलोऱ्यात होते. तो बांधावर हात जोडून उभा. म्हणाला, "जावा मालक, पण तासाच्या कडंकडंनं जावा." त्याचेही चुकले असे कसे म्हणायचे?

स्मशानात शेड नव्हते. सरण भिजलेले. चार जणांनी कुणाच्या तरी गोठ्याचे दोन पत्रे काढून आणले आणि वर धरले. डिझेल ओतले तेव्हा कुठे अग्नी लागला. परत येताना एक जण म्हणाला, "साहेब, आमच्या गावात माणसानं मरायचं बी उन्हाळा बघून मरावं." कुणी हसले नाही.

ही एकाच गावाची गोष्ट नाही. पावसाळ्यात अशा बातम्या मराठवाड्यातून दरवर्षी येतात. कुठे ओढ्याच्या पाण्यातून प्रेत न्यावे लागते, कुठे रस्त्यावरच सरण रचले जाते, कुठे प्रेत ग्रामपंचायतीच्या दारात आणून ठेवतात. चिडून लोक सरपंचाला बोलतात, सरपंच तहसीलकडे बोट दाखवतो. पण मुळात हे काम होते कुणाचे आणि ते आता कुणावर आले, याचा विचार होत नाही. तो आज करू.

पूर्वी हे काम कुणाचे होते?

जुन्या गावगाड्यात मयताचे काम घराघराला वाटून दिलेले होते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या १९१५ सालच्या पुस्तकात बलुत्याची रीत सविस्तर आली आहे. आपल्याकडे निजामी मुलखातही थोड्याफार फरकाने तीच रीत होती. महार समाजाने परगावच्या सोयऱ्यांना मयताचा सांगावा पोचवायचा आणि सरणाची लाकडे फोडायची. कुंभाराने मडके द्यायचे, बुरडाने तिरडीचा बांबू, न्हाव्याने क्षौर करायचे. मोबदला रोख नाही. सुगीला खळ्यावर ज्वारीचे माप मिळायचे, आणि तेही देणाऱ्याच्या मर्जीने.

आपल्या भागात आणखी एक समाज या कामाशी जोडलेला आहे, मसणजोगी. राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत त्यांचे नाव आहे. त्यांनाच सुडगाडसिद्ध असेही म्हणतात. सुडगाड म्हणजे कानडीत स्मशान. नांदेड, लातूरकडची ही मंडळी घरात तेलुगूच्या वळणाची बोली बोलतात. शंख फुंकत, घंटा वाजवत दारी येणारा मसणजोगी जुन्या माणसांना आठवत असेल. स्मशानातले दान घ्यायचे, त्यावर पोट भरायचे. बापामागे लेक, लेकामागे नातू, अशा कितीतरी पिढ्या या एका कामात गेल्या.

लिंगायत समाजात दहन नाही. मृताला बसत्या अवस्थेत, हातात इष्टलिंग देऊन समाधी देतात आणि विधी जंगम करतात. मुसलमान बांधवांत आंघोळ, कफन, जनाजा हे नात्यातले आणि मोहल्ल्यातले लोकच करतात. रीत वेगळी असली तरी एक गोष्ट सगळीकडे सारखी होती. घरच्या माणसाने फक्त रडायचे, बाकीचे गाव बघून घ्यायचे.

पण हे चित्र गोड करून सांगायला नको. ज्यांच्या अंगावर हे काम होते त्यांनी ते खुशीने पत्करलेले नव्हते. जन्माने ते मानेवर बसले होते. भर पावसात वीस-वीस मैल सांगावा घेऊन जायचे, आणि परत आल्यावर त्याच माणसाला गावाच्या पाणवठ्यावर पाणी नाही! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावकीची असली कामे टाकून द्या असे सांगितले, आणि ती टाकली गेली हे योग्यच झाले. पुढे १९७२ च्या दुष्काळाने बलुत्याचे धान्यच संपवले. पैशाचा व्यवहार आला, शाळा आल्या, माणसे शहरात गेली. बलुते मोडले याचे दुःख करण्याचे कारण नाही. मात्र त्या घरांनी काम सोडले, तेव्हा ते गावाने मिळून उचलायला हवे होते. ते उचलले नाही. ते पडून राहिले, आणि पडलेले काम बाजाराने उचलले.

तालुक्याच्या गावचे दुकान

औशाच्या बाजारात मयताचे सामान मिळते. अशाच एका दुकानात मध्यंतरी नात्यातल्या मयतीच्या निमित्ताने गेलो आणि पुढे मालकाशी बोलणे झाले. नाव घालू नका म्हणाले, म्हणून घालत नाही. त्यांची ही तिसरी पिढी. आजोबा टोपल्या, सुपे, कणग्या विणायचे. मयत झाले की लोक बांबू आणि कामट्या न्यायचे आणि सुगीला ज्वारी द्यायचे. वडिलांच्या काळात लोक रोख पैसे देऊ लागले. मग वडिलांनी बांबूसोबत मडके ठेवले, पांढरे कापड ठेवले, गुलाल, अबीर, ऊद, कापूर, खोबरे ठेवले. दहा ठिकाणी हिंडण्यापेक्षा एका जागी सगळे मिळते म्हणून गिऱ्हाईक वाढले. आता मुलाच्या हाती कारभार आहे. रात्री दोनला फोन आला तरी सामानाची पिशवी तयार असते. कुठल्या समाजाला काय लागते, हे त्याला विचारावे लागत नाही. तोच उलट दोन प्रश्न विचारतो आणि बरोबर तेवढेच बांधून देतो.

या घराचे काही नियम आहेत. भावाची घासाघीस करायची नाही. पैसे नसतील तर सामान द्यायचे, पण तेरावा होईपर्यंत उधारी मागायला जायचे नाही. आणि गिऱ्हाईक निघताना 'पुन्हा या' असे कधीही म्हणायचे नाही. म्हातारे मालक हे सांगताना हसले. मग म्हणाले, "सामान मी देतो साहेब, पण खांदेकरी दुकानात मिळत नाहीत. आता गावाकडून फोन येतो तो सामानासाठी कमी आणि गाडीसाठी जास्त."

हे खरे आहे. पोरे पुण्याला, मुंबईला. गावात उरले म्हातारे. चार खांदे जमवता जमवता दुपार होते.

जगात हे काम कसे बदलले?

घरातल्या धंद्यातून मयताचे दुकान उभे राहणे ही आपल्याकडचीच गोष्ट नाही. अमेरिकेत छोट्या गावांतून 'फ्युनरल होम' असतात. मृताला न्हाऊ घालणे, कपडे चढवणे, दर्शनाला ठेवणे, दफनाची व्यवस्था, सगळे तिथे होते. यांतली पुष्कळशी दुकाने पिढ्यानपिढ्या एकाच घराची. त्यांचे मूळ काय? कपाटे, टेबले करणारा गावचा सुतार. शवपेटी करायची तर त्याच्याकडेच जायचे. हळूहळू पेटीबरोबर गाडी, गाडीबरोबर बाकीचे काम त्याच्याकडे गेले. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात लांबवर पडलेल्या सैनिकांची प्रेते घरी पोचवायला औषध भरून टिकवण्याची पद्धत वाढली. १८६५ साली अध्यक्ष लिंकन यांचे पार्थिव याच पद्धतीने टिकवून रेल्वेने गावोगाव नेले, तेव्हा ती सगळ्या देशाने पाहिली. पुढच्या काळात मरण घरातून उठून दुकानात गेले. तिकडचा सुतार आणि आपला बुरूड, दोघांची वाट सारखीच.

आपल्याकडेही वारे त्याच दिशेचे आहे. २०२२ साली दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यात मुंबईच्या 'सुखांत' नावाच्या कंपनीने सजवलेली तिरडी ठेवून आपला गाळा मांडला, तेव्हा देशभर चर्चा झाली. आधी पैसे भरून सभासद व्हायचे, पुढे खांदेकऱ्यांपासून अस्थी विसर्जनापर्यंत सगळे कंपनी बघणार. सभासदत्व साडेसदतीस हजार रुपयांचे. लोकांनी चेष्टा केली. पण ज्याचे कुणी जवळ नाही, त्याने करायचे काय? शहरात त्याला निदान पैशाने उत्तर मिळते. खेड्यात तेही नाही. म्हणून कंपनीला हसण्याआधी आपल्या गावाकडे बघावे.

किल्लारीने काय शिकवले?

ज्या तालुक्यात मी काम करतो, त्याला हा धडा फार महाग पडला आहे. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीला गणपती पोचवून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. किल्लारी आपल्याच औसा तालुक्यातली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून जवळपास आठ हजार माणसे गेली. दगडमातीची जाड भिंतींची घरे झोपलेल्यांवर कोसळली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

त्या दिवसांत कुणाचे बलुते आणि कुणाची रीत? कित्येक घरांत पाणी पाजायला माणूस उरला नव्हता. सामुदायिक चिता पेटवाव्या लागल्या. लाकूड पुरेना, वरून पाऊस. जवान, पोलीस, दूरदूरहून आलेले स्वयंसेवक यांनी ओळख ना पाळख अशा माणसांना अग्नी दिला. कोण कुठल्या जातीचा हे कुणी विचारले नाही. किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी दरवर्षी ३० सप्टेंबरला मानवंदना होते, तेव्हा मला त्या अनोळखी हातांचीही आठवण होते.

दुसरा धडा करोनाचा. एप्रिल २०२१ मध्ये शेजारच्या अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेतून २२ मृतदेह स्मशानात नेल्याची बातमी आपण वाचली. सोयरे लांब उभे, अग्नी देणारे नगरपालिकेचे कर्मचारी. दोन्ही वेळा दिसले ते हेच, की ऐन वेळी दुकान पुरत नाही आणि जुनी रीतही पुरत नाही. जागा, वाट, छप्पर, लाकूड आणि चार माणसे, एवढे आधीपासून तयार असेल तरच निभावते.

लाकडाचा हिशेब

आता माझ्या खात्याच्या भाषेत बोलतो. एका दहनाला साधारण तीनशे ते चारशे किलो वाळलेले लाकूड लागते. आपल्या राज्यात वर्षाला दर हजारी साधारण पाच-सहा मृत्यू होतात. म्हणजे दोन हजार वस्तीच्या गावात वर्षाला दहा-बारा. यातली दफने वगळली तरी गावाला वर्षाकाठी तीस-पस्तीस क्विंटल लाकूड लागतेच. हे येते कुठून?

लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. जे काही लाकूड होते ते बांधावर होते. बाभळी, कडुलिंब, आंबे. बांध कोरले गेले, ट्रॅक्टर फिरायला आड येते म्हणून झाड गेले. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडबा गेला तशी गुरे कमी झाली, आणि गुरे गेली तशा गोवऱ्या गेल्या. मी सोयाबीनच्या विरोधात नाही. चार पैसे त्याच पिकाने दिले. पण आपल्या पीकपद्धतीने सरणावरची गोवरीही नेली, हे ध्यानात ठेवा. आज मयत झाले की लोक वखारीत जातात आणि जे ओले-सुके मिळेल ते आणतात. गरीब घराला हा पहिलाच दणका बसतो.

यावर उपाय शेतकऱ्याला न सुचण्यासारखा नाही. स्मशानभूमीच्या हद्दीवर आणि गावच्या पडीक जागेवर बाभूळ, सुबाभूळ, करंज, कडुलिंब लावा. सुबाभूळ चार-पाच वर्षांत जळणाला येते, बाभळीला आठ-दहा वर्षे लागतात. सामाजिक वनीकरण किंवा रोजगार हमीच्या कामांतून ही लागवड होऊ शकते. दुसरे, लाकूड पावसाळ्यापूर्वी तोडून, फोडून, छपराखाली रचून ठेवा. ओले लाकूड धूर करते, आच देत नाही. तिसरे, दहनासाठी उंच ओट्यावर लोखंडी जाळी बसवा. चुलीत खालून हवा खेळली की जळण कमी लागते, तेच इथेही आहे.

जागा आणि वाट

स्मशानभूमी पुरवणे आणि राखणे हे उपकाराचे काम नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ४५ खालच्या ग्रामसूचीत दहन-दफनभूमी हे ग्रामपंचायतीचे काम म्हणून लिहिलेले आहे. जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २२ प्रमाणे जिल्हाधिकारी सरकारी जमीन या कामासाठी राखून ठेवू शकतात. शेड, ओटा, रस्ता यांसाठी जनसुविधा योजनेतून निधी मिळतो.

मग अडते कुठे? बहुतेक वेळा कागदावर. जागा वहिवाटीची असते, पण सातबाऱ्यावर स्मशानभूमीची नोंद नसते. नोंद नाही म्हणून निधी नाही. कुठे एखाद्या भल्या शेतकऱ्याने आजोबांच्या काळी तोंडी वाट दिलेली असते. जमिनीची वाटणी झाली, भाव वाढला, की नातू म्हणतो आमच्या रानातून जाऊ नका. नातू कायद्याने बरोबर असतो आणि गाव रीतीने बरोबर असते. भांडण मात्र प्रेत दारात ठेवून होते. म्हणून तोंडी दान लेखी करून घ्या. ज्याची जमीन जाते त्याला मोबदला द्या, नाहीतर अदलाबदल करा, आणि व्यवहाराची नोंदणी करा. फुलोऱ्यातल्या सोयाबीनचा मालक हात जोडून बांधावर उभा राहू नये, एवढी तरी गावाने त्याची कदर करावी.

आणखी एक अवघड गोष्ट बोलायची आहे. अनेक गावांत स्मशानभूमी जातीजातीची वेगळी आहे. बरी जागा एकाची, ओढ्याकाठची दुसऱ्याची आणि तिसऱ्याला जागाच नाही. बाबा आढावांनी १९७० च्या दशकात 'एक गाव, एक पाणवठा' ही चळवळ चालवली. पाण्याला जे लागू, ते विस्तवाला का नको? दफनाची रीत असणाऱ्यांना त्यांची जागा मिळालीच पाहिजे. पण दहनाचा ओटा गावाचा एकच असावा. दोन-तीन ठिकाणी अर्धवट शेड बांधण्यापेक्षा एका ठिकाणी पक्का रस्ता, पाणी आणि दिवा होईल. आणि आज मसणजोगी, बुरूड यांच्या घरातला कुणी राखणीचे किंवा सामानाचे काम करत असेल, तर ते पगारावर, मानाने आणि स्वखुशीने असावे.

धूर निघण्याआधी

घरात मयत झाले की डोके चालत नाही. म्हणून शहाण्या शेजाऱ्याने तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली. वीज पडून, साप चावून, विजेचा धक्का बसून, विहिरीत पडून किंवा गाडीच्या अपघातात मृत्यू झाला असेल तर माती उरकायची घाई करू नका. पोलिसांना कळवा, पंचनामा आणि शवविच्छेदन होऊ द्या. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत १० ते ७५ वर्षे वयाच्या शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर वारसाला दोन लाख रुपये मिळतात. सातबारा असलेल्या घरातल्या आणखी एका सदस्यालाही हे संरक्षण आहे. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत द्यायचा असतो. नुसत्या कागदाअभावी हे पैसे हुकलेली घरे आमच्या कचेरीच्या पायऱ्यांवर बसलेली मी पाहिली आहेत. एकदा अग्नी दिला की पुरावा परत येत नाही.

दुसरी. मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे करा. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही.

तिसरी. वारसाची नोंद तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्या. मेलेल्या माणसाच्या नावावर पीककर्ज मिळत नाही. आणि लेकींची, विधवेची नावे गाळू नका.

येत्या ग्रामसभेत

१५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, १ मे या दिवशी ग्रामसभा होते. जी पुढची असेल तिच्यात हा विषय घ्या. आपल्या स्मशानभूमीची सातबाऱ्यावर नोंद आहे का, वाट नकाशावर आहे का, शेड गळते का, सरणाचा साठा आहे का, हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. प्रत्येक वाडीवस्तीवरून दोन तरुणांची नावे फळ्यावर लावा. मयत कुणाच्याही घरी असो, बोलावणे यायची वाट न बघता त्यांनी जायचे. बलुत्यात हे काम काही घरांवर लादलेले होते. आता ते सगळ्या गावाने पाळीने करावे.

त्या ऑगस्टमधल्या मातीनंतर मी त्या गावी पुन्हा गेलो, तेव्हा बांधावर हात जोडून उभा राहिलेला तो शेतकरी भेटला. तीन फूट रुंदीची पट्टी लिहून द्यायला मी तयार आहे म्हणाला, पण पंचायतीतून अजून कुणी विचारायला आले नाही. देणारा तयार आहे. विचारायला जाणारा हवा आहे. तुमच्या गावातही असा एखादा असेल. पाऊस पडण्याआधी त्याच्या बांधावर जाऊन या.